जमीन सोडणारी पावले, जमीन शोधणारी पावले
(द्वितीय वर्ष, कला)

‘बॅले’ हा शब्द आपल्याकडे फार सढळपणे वापरला जातो. शाळेच्या स्नेहसंमेलनात दहाबारा मुलांनी शिवचरित्रातला एखादा प्रसंग गाण्यावर बसवला, की कार्यक्रमपत्रिकेवर ‘बॅले’ असे छापून येते. त्यात गैर काही नाही. शब्द परका असला तरी आता तो आपल्या घरचाच झाला आहे. परंतु ज्या नृत्यपरंपरेचे हे नाव आहे ती मूळची कशी होती, तिच्यात कोण कोण होऊन गेले आणि तिच्याविरुद्ध बंड करून ‘आधुनिक नृत्य’ का जन्माला आले, याची माहिती आपल्यापैकी थोड्यांनाच असते. प्रस्तुत लेखात ती सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

या इतिहासातील नावांची नुसती यादी दिली तरी अंकाची पाने भरतील. म्हणून मी एकच धागा हाती धरला आहे : नर्तकाचे पाऊल आणि त्याखालची जमीन. बॅलेने पावलाला जमीन सोडायला शिकवले, तर आधुनिक नृत्याने त्याला पुन्हा जमिनीवर आणले. वरवर पाहता हा केवळ तंत्राचा भेद वाटेल. पण कोणाच्या पावलांना रंगमंचावर जागा आहे आणि कोणाच्या नाही, हा प्रश्नही याच धाग्यात गुंतलेला आहे.

राजाचे पाऊल

बॅलेचा उगम इटलीतील व फ्रान्समधील राजदरबारांत झाला. फ्रान्सचा राजा चौदावा लुई हा स्वतः उत्तम नर्तक होता. १६५३ साली, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, तो ‘रात्रीचा बॅले’ या नावाच्या दरबारी नृत्यात उगवत्या सूर्याच्या वेषात अवतरला. ‘सूर्यराजा’ हे त्याचे बिरुद या भूमिकेशी कायमचे जोडले गेले. १६६१ मध्ये त्याने पॅरिसला नृत्याची राजमान्य अकादमी स्थापन केली. पायांच्या ज्या पाच मूळ स्थिती आजही जगातील प्रत्येक बॅले वर्गात पहिल्या दिवशी शिकवल्या जातात, त्या बसवण्याचे श्रेय लुईचा नृत्यशिक्षक पिएर बोशां याला दिले जाते. या पाचही स्थितींत पाय मांडीच्या सांध्यापासून बाहेरच्या बाजूला वळवलेले असतात. शेतात, रस्त्यावर, घरात कोणीही असा उभा राहत नाही. असे उभे राहणे हीच मुळी दरबारी माणसाची खूण होती.

पुढे हे नृत्य दरबारातून व्यावसायिक रंगमंचावर आले. १६८१ साली पॅरिसच्या ऑपेरात प्रथमच व्यावसायिक स्त्रिया नाचल्या. अठराव्या शतकात मारी कामार्गो या नर्तकीने घागऱ्याची लांबी कमी करून आपली चपळ पावले प्रेक्षकांना दिसतील असे केले, असे सांगतात. तिच्याच काळातील मारी साले हिने १७३४ मध्ये लंडनला जड पोशाख टाकून साध्या मलमलीच्या वस्त्रात, केस मोकळे सोडून नृत्य केले. याच शतकात झां-जॉर्ज नोव्हेर याने १७६० साली प्रसिद्ध केलेल्या पत्रसंग्रहात असा आग्रह धरला, की नृत्य म्हणजे नुसती कसरत नसून त्याने कथा आणि भावना सांगितली पाहिजे. २९ एप्रिल हा नोव्हेरचा जन्मदिवस १९८२ पासून जागतिक नृत्यदिन म्हणून पाळला जातो.

बोटांच्या टोकावर

बॅले म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ते पायाच्या बोटांच्या टोकावर तोललेल्या नर्तकीचे चित्र. हे चित्र ठसवले ते मारी तालिओनी हिने. १२ मार्च १८३२ रोजी पॅरिसच्या ऑपेरात तिचे वडील फिलिप्पो तालिओनी यांनी बसवलेला ‘ला सिल्फीद’ हा बॅले झाला. त्यात ती वाऱ्यासारख्या हलक्या वनपरीच्या भूमिकेत होती. तिच्या आधीही काही नर्तकी क्षणभर बोटांवर उभ्या राहत असत, पण ते कसब दाखवण्यापुरते असे. तालिओनीने त्याला अर्थ दिला. परीला वजन नसते, म्हणून ती जमिनीला जेमतेम टेकते.

हा हलकेपणा किती जड होता ते पाहण्यासारखे आहे. आजच्या नर्तकीच्या बुटाचे टोक कापड आणि खळ यांचे थर देऊन कडक केलेले असते. तालिओनीच्या वेळी तसे नव्हते. मऊ साटिनचा सपाट जोडा आणि त्याच्या टोकाला मजबुतीसाठी घातलेले सुईदोऱ्याचे टाके, एवढाच आधार. बाकी सारा भार पायाच्या आणि पोटरीच्या स्नायूंवर. वडील तिच्याकडून दिवसाला सहा सहा तास सराव करून घेत. प्रेक्षकांना दिसे ती परी, आणि तिच्याखाली राबत असे एक कष्टकरी शरीर.

तालिओनीची लाडकी शिष्या एमा लिव्री हिची कहाणी तर मन विषण्ण करणारी आहे. त्या काळी रंगमंचावर गॅसचे दिवे असत आणि नर्तकींचे झिरझिरीत घागरे पेटण्याचा धोका कायमचा होता. कापड पेटू नये म्हणून ते एका रासायनिक द्रावणात बुडवण्याची पद्धत निघाली होती. पण त्याने कापड ताठ आणि मळकट होई, म्हणून लिव्रीने ते वापरायला नकार दिला. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी तालमीच्या वेळी तिच्या घागऱ्याने पेट घेतला. आठ महिने यातना सोसून १८६३ च्या जुलैमध्ये ती वारली. तेव्हा ती अवघी वीस वर्षांची होती.

पॅरिसच्या ऑपेरात लहानपणापासून शिकणाऱ्या गरीब मुलींना ‘छोटे उंदीर’ म्हणत. घरी पोटाची पंचाईत, म्हणून आईबाप त्यांना तेथे पाठवीत. ऑपेराचे धनिक वर्गणीदार पडद्यामागच्या दालनात नर्तकींना भेटायला येत. त्या भेटींमागील हेतू सर्वांना ठाऊक असे. अशाच मुलींपैकी एक होती मारी वान गोएतेम. तिची आई धुणी धुण्याचे काम करी. एदगार देगा या चित्रकार-शिल्पकाराने मारीला समोर उभे करून ‘चौदा वर्षांची छोटी नर्तकी’ हे मेणाचे शिल्प घडवले आणि १८८१ च्या प्रदर्शनात मांडले. त्या काळच्या काही समीक्षकांना त्या मुलीचा चेहरा कुरूप आणि हीन वाटला. पुढच्याच वर्षी मारीला ऑपेरातून काढून टाकण्यात आले. तिच्या शिल्पाच्या ब्राँझ प्रती आज जगभरच्या संग्रहालयांत मानाने उभ्या आहेत.

कला डोक्यावर घ्यायची आणि ती सादर करणाऱ्या बाईला मात्र हलकी समजायची, ही रीत आपल्याकडील तमाशा कलावंतिणींच्या वाट्यालाही आली आहे, हे वेगळे सांगायला नको.

रशियातील वैभव

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बॅलेचे केंद्र पॅरिसहून सेंट पीटर्सबर्गला सरकले. तेथे १८४७ साली गेलेल्या मारियुस पेतिपा या फ्रेंच माणसाने पुढील अर्धशतकात रशियन बॅलेला आजचे भव्य रूप दिले. चायकोव्हस्कीच्या संगीतावरील ‘स्लीपिंग ब्यूटी’ (१८९०) त्याचीच रचना. ‘स्वान लेक’चे १८९५ मधील गाजलेले रूप त्याने व लेव्ह इव्हानोव्ह याने मिळून बसवले. त्यात पिएरिना लेन्यानी हिने एका पायाच्या टोकावर लागोपाठ बत्तीस गिरक्या घेतल्या. तेव्हापासून हे बत्तीस फेरे म्हणजे त्या भूमिकेतील नर्तकीची जणू परीक्षाच झाली आहे.

पेतिपाच्या १८७७ मधील ‘ला बायादेर’ या बॅलेची कथा भारतात घडते आणि तिची नायिका निकिया ही देवळातील नर्तकी आहे. अर्थात हा युरोपच्या कल्पनेतला भारत. तेथील देवदासी घुंगरू बांधून जमिनीवर ठेका धरीत नाही, तर साटिनचे बूट घालून बोटांच्या टोकावर चालते. तरीही त्यातील छायांचे दृश्य अविस्मरणीय मानले जाते. पांढऱ्या वेषातील नर्तकी एकामागून एक उतारावरून खाली येतात, प्रत्येक जण तेच एक पाऊल पुन्हा पुन्हा टाकते आणि पाहता पाहता सारा रंगमंच भरून जातो.

या परंपरेतील सर्वांत विख्यात नर्तकी म्हणजे ॲना पाव्हलोव्हा (१८८१–१९३१). तिचीही आई धुणी धुणारी होती. पाव्हलोव्हाचे पाय सडपातळ आणि घोटे नाजूक होते. ज्या दणकट कसरतीची तेव्हा वाहवा होई तिच्यासाठी हे शरीर योग्य नाही, असे सुरुवातीला वाटे. तिने आपल्या नाजूकपणालाच आपली भाषा केले. मिखाईल फोकिनने तिच्यासाठी बसवलेले ‘मरणोन्मुख हंस’ हे काही मिनिटांचे नृत्य तिने जगभर केले.

पाव्हलोव्हाचा आपल्याशी खराखुरा संबंध आहे. १९२२–२३ च्या आशियाच्या दौऱ्यात ती भारतात आली. १९२३ मध्ये लंडनला तिने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर आधारलेला बॅले सादर केला. त्याच वर्षी ‘राधा-कृष्ण’ हे नृत्य तिने एका तरुण भारतीय चित्रकला-विद्यार्थ्याबरोबर केले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून लंडनला गेलेला हा तरुण म्हणजे उदय शंकर. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनाही बॅले शिकण्याची ओढ पाव्हलोव्हामुळेच लागली. आपल्या देशातील नृत्याकडे वळण्याचा सल्लाही त्यांना तिनेच दिला. पुढे १९३६ मध्ये रुक्मिणीदेवींनी मद्रासला ‘कलाक्षेत्र’ उभे केले. आपल्या नृत्याचे मोल एका रशियन धोबिणीच्या मुलीने सांगावे, यात कौतुक आहे आणि थोडा बोचरेपणाही आहे.

बूट काढला

बोटांवर तोललेल्या या जगाला पहिला मोठा हादरा दिला तो इझाडोरा डंकन (१८७७–१९२७) या अमेरिकन स्त्रीने. तिने बूट काढले आणि कंबर आवळणारी कांचोळीही टाकली. सैल झग्यात, अनवाणी पायांनी, शोपँच्या संगीतावर ती नाचू लागली. बॅलेतील पवित्रे तिला शरीराला वाकडे करणारे वाटत. चालणे, धावणे, उडी मारणे या साध्या हालचालींतच नृत्य आहे आणि सर्व हालचालींचा उगम छातीच्या मध्यभागी आहे, असे ती मानी. १९०४ च्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्गला तिचे कार्यक्रम झाले, तेव्हा बॅलेच्या त्या राजधानीत मोठी चर्चा झाली. तरुण फोकिनवर तिचा परिणाम झाला. गळ्यातील लांब स्कार्फ मोटारीच्या चाकात अडकून नीस शहरी तिचा अंत झाला, एवढेच पुष्कळांना ठाऊक असते. तिने पावलांना दिलेली मोकळीक मात्र तिच्यामागे उरली.

दुसरा हादरा खुद्द बॅलेच्या घरातून बसला. सर्गेई द्यागिलेव्ह याच्या प्रसिद्ध नृत्यसंचातील व्हास्लाव निजिन्स्की हा नर्तक उंच उडीसाठी प्रख्यात होता. उडी मारल्यावर तो हवेत क्षणभर थांबतो, असे प्रेक्षकांना वाटे. त्याच निजिन्स्कीने स्वतः रचना करताना उड्डाणाला पाठ फिरवली. २९ मे १९१३ रोजी पॅरिसला स्त्राविन्स्कीच्या संगीतावरील त्याचा ‘वसंताचा विधी’ रंगमंचावर आला. त्यात एका प्राचीन जमातीतील मुलीचा भूमीसाठी बळी दिला जातो. नर्तकांचे पाय बाहेर वळण्याऐवजी आत वळलेले, गुडघे वाकलेले, आणि पावले जमिनीवर धाडधाड आपटणारी. प्रेक्षकांत असा गोंधळ माजला की वाद्यवृंद ऐकू येईना आणि निजिन्स्कीला पडद्याआडून खुर्चीवर उभे राहून नर्तकांना ताल ओरडून सांगावा लागला. काही मोजके प्रयोग होऊन ही रचना बंद पडली. पुढे निजिन्स्कीला मानसिक आजाराने ग्रासले आणि १९५० साली लंडनला त्याचे निधन झाले. त्याची ती रचना जुनी टिपणे व चित्रे यांच्या आधारे पुन्हा उभी राहिली ती १९८७ मध्ये.

जमिनीशी मैत्री

डंकनने वाट मोकळी केली, पण त्या वाटेवर शिकवता येईल असे शास्त्र उभारले ते मार्था ग्रॅहॅम (१८९४–१९९१) हिने. तिचे तंत्र श्वासावर उभे आहे. श्वास सोडताना पोटाचे स्नायू आत खेचले जातात आणि पाठ वाकते, ते आकुंचन. श्वास घेताना शरीर पुन्हा मोकळे होते, ती शिथिलता. रडताना, हसताना, कळ येताना आपले पोट असेच आत जाते. ग्रॅहॅमने या अनुभवातून नृत्याची बाराखडी तयार केली. तिच्या वर्गात सरावाचा मोठा भाग जमिनीवर बसून होतो. बॅलेत पडणे म्हणजे फजिती, तर ग्रॅहॅमकडे पडणे हे शिकण्याचे तंत्र.

तिचे ‘विलाप’ (१९३०) हे नृत्य अवघ्या चार मिनिटांचे आहे. नर्तकी एका बाकावर बसलेली असते आणि ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या नळीत सारे अंग गुंडाळलेले असते. चेहरा, हात आणि पावले एवढेच दिसते. ती बाकावरून क्वचितच हलते. आतून कोपर, गुडघे कापडाला ताण देतात आणि दुःखाला जणू आकार येतो. ग्रॅहॅमने एक आठवण सांगून ठेवली आहे. एका प्रयोगानंतर एक स्त्री तिला भेटायला आली. त्या स्त्रीचा मुलगा तिच्या डोळ्यांदेखत ट्रकखाली सापडून गेला होता आणि तेव्हापासून तिला रडू आले नव्हते. ते नृत्य पाहताना तिला प्रथमच रडू फुटले.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी नाझी सरकारने ग्रॅहॅमला आमंत्रण दिले. ज्या देशात कलावंतांचा छळ होतो तेथे मी नाचणार नाही, असे सांगून तिने ते नाकारले.

कोणाचे पाऊल?

इकडे बॅलेही थांबला नव्हता. रशियातून आलेल्या जॉर्ज बॅलनशीन (१९०४–१९८३) याने अमेरिकेत बॅले रुजवला. अमेरिकेतील त्याची पहिली रचना ‘सेरेनाद’ (१९३४) ही विद्यार्थिनींसाठीच होती. तालमीच्या पहिल्या दिवशी सतरा मुली हजर होत्या, म्हणून आरंभी सतरा जणी उभ्या राहतात. एक मुलगी उशिरा आली आणि एक पडली. त्याने दोन्ही गोष्टी नृत्यात तशाच ठेवल्या.

१९५७ साली त्याच्या ‘अगॉन’ या बॅलेत आर्थर मिचेल हा कृष्णवर्णीय नर्तक आणि डायना ॲडम्स ही गौरवर्णीय नर्तकी यांचे युगुलनृत्य होते. अमेरिकेतील वर्णभेदाच्या त्या दिवसांत हे धाडस होते. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्या दुःखातून मिचेलने पुढच्याच वर्षी, जेथे तो जन्मला त्या हार्लेम वस्तीत, तेथील मुलांसाठी नृत्यशाळा आणि नृत्यसंच सुरू केला. काळ्या माणसाचे शरीर बॅलेसाठी घडलेलेच नाही, असे म्हणणाऱ्यांना त्याने नर्तक घडवून उत्तर दिले.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो अल्विन एली (१९३१–१९८९). टेक्ससमधील खेड्यात, कापूस वेचणाऱ्या आणि लोकांकडे घरकाम करणाऱ्या आईच्या पोटी तो जन्मला. १९५८ मध्ये त्याने आपला संच काढला आणि १९६० मध्ये ‘रेव्हलेशन्स’ ही रचना केली. लहानपणी चर्चमध्ये ऐकलेली गाणी, नदीतील बाप्तिस्मा, उन्हाळ्यात पंखे हलवीत बसलेल्या बाया, हे सारे त्याने थेट रंगमंचावर आणले. १९७१ साली आईला वाढदिवसाची भेट म्हणून त्याने ‘क्राय’ हे नृत्य बसवले आणि ज्युडिथ जेमिसन हिने ते प्रथम केले. सोळा मिनिटे ती एकटीच नाचते. तिच्या हाती एक लांब पांढरे कापड असते. ते कधी तिची शाल होते, तर कधी गुडघ्यांवर बसून फरशी पुसण्याचे फडके.

हे नृत्य मी ध्वनिचित्रफितीवर पाहिले आणि त्या फडक्यापाशी माझे डोळे थांबले. महाविद्यालयाची पायरी चढलेली आमच्या घरातील मी पहिली. माझी आई दर पावसाळ्यात भातलावणीला जाते. गुडघाभर चिखलात, कंबरेत वाकून, मागे मागे सरकत ती एका लयीत रोपे लावते. तिच्या टाचांना भेगा आहेत. आमच्याकडे शिकलेल्या मुलीने नाचू नये असे मानतात आणि कष्टाने राबणाऱ्या बाईच्या अंगात कला असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. एलीने या दोन्ही समजुतींना एकाच वेळी उत्तर दिले आहे. राबणाऱ्या आईची हालचाल जशीच्या तशी उचलून त्याने ती जगातल्या मोठमोठ्या रंगमंचांवर उभी केली.

माती

या प्रवासातील शेवटचे नाव जर्मनीच्या पिना बाउश (१९४०–२००९) हिचे. १९७५ मध्ये तिने ‘वसंताचा विधी’ नव्याने बसवला. प्रयोगापूर्वी रंगमंचावर माती आणून पसरली जाते आणि नर्तक तिच्यात अनवाणी नाचतात. घाम येतो, माती अंगाला चिकटते, पांढुरकी वस्त्रे मळतात, धापा प्रेक्षकांपर्यंत ऐकू येतात. वजन नाही, श्रम नाहीत असे भासवण्यासाठी तालिओनीने आयुष्य वेचले. बाउशने मात्र श्रम लपवण्याचे कारणच ठेवले नाही. २०२० साली सेनेगलमध्ये आफ्रिकेतील चौदा देशांच्या नर्तकांनी याच रचनेची तालीम केली. महामारीमुळे प्रयोग लांबले, तेव्हा त्यांनी ती समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर नाचून चित्रित केली.

असे असले तरी बूट हरला आणि अनवाणी पाऊल जिंकले, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. दोन्ही परंपरा आज शेजारी शेजारी नांदत आहेत आणि बूटही बदलला आहे. बॅलेचा बूट गुलाबी का, तर तो गोऱ्या कातडीशी मिळून पायाची रेषा अखंड दिसावी म्हणून. कृष्णवर्णीय नर्तकी वर्षानुवर्षे आपले बूट रंग फासून तपकिरी करीत. मिस्टी कोपलँड २०१५ मध्ये अमेरिकन बॅले थिएटरची पहिली कृष्णवर्णीय प्रमुख नर्तकी झाली. २०१८ मध्ये लंडनच्या फ्रीड या कंपनीने तपकिरी छटांचे बूट बाजारात आणले. आपल्या मुंबईतील दोन गरीब घरच्या मुलांनी बॅले शिकून परदेशापर्यंत मजल मारली. त्यांच्यावर आधारलेला ‘ये बॅले’ हा चित्रपट २०२० साली आला.

सूर्याच्या वेषातील राजापासून हे नृत्य निघाले आणि कापूस वेचणाऱ्या बाईच्या मुलापर्यंत, वेल्डिंग करणाऱ्याच्या मुलापर्यंत पोहोचले. या वाटेवर प्रत्येक मोठ्या कलावंताने आधी कोणीतरी घालून दिलेली ‘नाचण्यायोग्य शरीरा’ची व्याख्या मोडली. आपल्या वर्गातही गुऱ्हाळावर, वीटभट्टीवर, शेतात राबून आलेली पावले बाकांखाली मुकाट बसलेली आहेत. स्नेहसंमेलनासाठी निवड करताना ‘नाच कोणाला येतो’ असे विचारून आपण थांबतो. यंदा त्यांनाही एकदा उठून उभे राहायला सांगावे, एवढीच माझी विनंती आहे.